ओरॅकलवरून पोस्टग्रेसवर जायचंय: वाचायचं काय आणि सोडायचं काय?

मरोळनाका_क्वेरी

नमस्कार मंडळी. कॉलेज सुटल्यापासून ओरॅकल या डेटाबेसवरच काम केलंय. पॅकेज, ट्रिगर, रात्रीचे बॅच जॉब, महिनाअखेरचे रिपोर्ट, सगळं हातातलं. आता लायसन्सचं बिल बघून क्लायंटने ठरवलंय की नवीन सिस्टीम पोस्टग्रेस या फुकट डेटाबेसवर. टेस्ट सर्व्हर मिळालाय, त्यावर १३ व्हर्जन आहे, आणि मार्चअखेर पहिलं मॉड्यूल हलवायचंय.

शिकायला साहित्य मिळत नाही अशी तक्रार नाही, उलट पूर आलाय. न्यूजलेटर लावलेत, टेलिग्रामचे ग्रुप आहेत, आणि यूट्यूबला तर माझा वास लागलाय, उघडलं की 'या दहा ट्रिक माहीत आहेत का' हजर. अंबरनाथहून घाटकोपरपर्यंत बसायला मिळालं तर वाचतो, पुढे मेट्रोत उभ्याने एखादा व्हिडिओ. ऑफिसात पोचल्यावर काय वाचलं म्हणून कुणी विचारलं तर 'व्हेक्टर सर्च' एवढंच आठवतं. आमच्या क्लायंटला व्हेक्टर सर्च नकोय हो, त्याला एक तारखेला सकाळी नऊच्या आत रिपोर्ट हवाय.

दादरच्या एका क्लासने ४५ हजार सांगितले. सिलॅबस बघितला, अर्धा सिलेक्ट-इन्सर्टच आहे.

तर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी सांगा: बातम्यांसाठी तुम्ही नेमकं काय वाचता? आणि माझ्यासारख्या ओरॅकलवाल्याने अभ्यास कुठून धरावा? शक्यतो फुकटातलं, घरी दोन मुलांच्या फिया आहेत.

बॅकएंड_भाऊ

एवढा विचार कशाला? ओरॅकलच्या कोडचं पॅकेज उचला, एआयला द्या, पोस्टग्रेसच्या पीएल/पीजीएसक्यूएल भाषेत करून देतो. आमच्याकडे तसंच चाललंय. एरर आली की ती परत पेस्ट करायची.

मुलुंडची_डीबीए

बॅकएंड भाऊ, करून देतो हे अगदी खरं. कंपाइलही होतं. भानगड त्यानंतर सुरू होते. ओरॅकलमध्ये नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव त्या दोन उभ्या रेघांनी जोडलं आणि मधलं नल (म्हणजे काही भरलेलंच नाही) निघालं, तर ओरॅकल ते रिकामं धरतो आणि नाव-आडनाव छापून मोकळा होतो. पोस्टग्रेसमध्ये तिघांतला एक नल म्हणजे अख्खं नाव नल. एरर नाही, वॉर्निंग नाही, परत पेस्ट करायला काहीच नाही. ज्या ग्राहकाने वडिलांचं नाव भरलं नाही त्याच्या पत्रावर नावाच्या जागी कोरं. तिथे नल वगळून जोडणारं कॉन्कॅट-डब्ल्यूएस वापरायचं असतं, आणि ते कुठे वापरायचं हे डेटा ओळखणाऱ्या माणसालाच कळतं.

मरोळनाका, आता तुमचं. बातम्या आणि अभ्यास हे दोन वेगळे प्रवासी तुम्ही एकाच डब्यात कोंबताय, म्हणून दोघांनाही बसायला जागा नाही.

बातम्यांपासून सुरुवात करू, कारण तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची बातमी तुमच्याच पोस्टमध्ये आहे आणि तुमच्या एकाही न्यूजलेटरने ती तुमच्यापर्यंत पोचवलेली दिसत नाही. १३ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२५ मध्ये संपला. पोस्टग्रेसचं प्रत्येक मोठं व्हर्जन बाहेर पडल्यापासून पाच वर्षं सांभाळलं जातं, त्यानंतर सुरक्षेचे पॅचही येत नाहीत. नवी कोरी सिस्टीम आणि ती मुदत संपलेल्या व्हर्जनवर? आजच मेल टाका, १७ किंवा १८ मागा. १४ देऊ म्हणाले तर घेऊ नका, त्याचीही मुदत नोव्हेंबर २०२६ ला संपते.

माझ्यापुरती बातम्यांची गरज वर्षातून चार-पाच वेळा पडते. मोठं व्हर्जन बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरात येतं, आणि किरकोळ दुरुस्त्यांची रिलीज फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर या महिन्यांत, ठरल्याप्रमाणे दुसऱ्या गुरुवारी. कॅलेंडरात टाकून ठेवा. त्या दिवशी पोस्टग्रेसच्या साइटवरच्या रिलीज नोट्स उघडायच्या, किंवा पीजीएसक्यूएल-अनाउन्स ही मेलिंग लिस्ट लावायची. महिन्याला मोजकेच मेल येतात, आणि माहिती थेट उगमातून.

'किरकोळ' म्हणजे दुर्लक्ष करण्यासारखं, असं मात्र नाही. १४ च्या सुरुवातीच्या रिलीजांमध्ये क्रिएट इंडेक्स कॉन्करंटली आणि रीइंडेक्स कॉन्करंटली या इंडेक्स (ओळ पटकन शोधायची सूची) बांधणाऱ्या दोन कमांडमध्ये बग होता. टेबलावर अपडेट चालू असताना इंडेक्स बनवला तर त्यातून काही ओळी गाळल्या जाऊ शकत होत्या. म्हणजे ओळ टेबलात आहे, पण इंडेक्सने शोधली तर सापडत नाही. त्याची दुरुस्ती १६ जून २०२२ ला १४.४ म्हणून वेळापत्रकाबाहेर आली, आणि नुसतं अपग्रेड पुरेसं नव्हतं, आधी बनवलेले इंडेक्स पुन्हा बांधावे लागत होते. ही गोष्ट रिलीज नोट्समध्ये सगळ्यात वर लिहिलेली होती. ज्यांनी फक्त बायनरी बदलली आणि नोट्स वाचल्या नाहीत, त्यांचे इंडेक्स तसेच राहिले.

उलट बाजूही सांगते. १४ नोव्हेंबर २०२४ ला १७.१ आलं, त्यात आतल्या एका स्ट्रक्चरचा आकार बदलल्याने जुन्या व्हर्जनसाठी बांधलेली काही एक्स्टेन्शन बिघडण्याची शक्यता होती. आठवड्यात, २१ तारखेला, १७.२ काढावं लागलं. म्हणून आमच्याकडे रिलीज आली की त्याच दिवशी नोट्स वाचायच्या, प्रॉडक्शनवर हात पुढच्या आठवड्यात लावायचा. सुरक्षेचं काही गंभीर असेल तर गोष्ट वेगळी.

मोठ्या व्हर्जनच्या नोट्स वाचताना लोक नवीन फीचरकडे धावतात. आधी स्थलांतराचा भाग वाचा, म्हणजे जुनं काय मोडणार तो. उदाहरणार्थ १८ मध्ये नवीन क्लस्टर (एका सर्व्हरचा सगळा डेटा) बनवताना डेटा चेकसम, म्हणजे डेटा बिघडला तर ओळखायची खूण, आपोआप चालू असतात. जुना क्लस्टर चेकसमशिवायचा असेल तर व्हर्जन बदलणारं पीजी-अपग्रेड दोन्हींचं जुळत नाही म्हणून अडून बसतं. पण त्याच १८ मध्ये पीजी-अपग्रेड प्लॅनरची (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्याची) आकडेवारी सोबत नेतं, आणि यासाठी मी त्या लोकांना वडापाव चारायला तयार आहे. याआधी शनिवारी रात्री अपग्रेड केलं की नवीन डेटाबेसला कुठल्या टेबलात किती ओळी आहेत याचाच पत्ता नसायचा. अ‍ॅनलाइज पूर्ण होईपर्यंत साध्या क्वेरी अख्खी टेबलं चाळत बसायच्या.

आता अभ्यास. पोस्टग्रेसच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये पीएल/पीजीएसक्यूएलच्या प्रकरणाच्या शेवटी एक विभाग आहे, ओरॅकलच्या पीएल/एसक्यूएलवरून कोड कसा आणायचा यावर. तो तुमच्यासाठीच लिहिलाय म्हणा. छोटा आहे, आधी आणि नंतरचा कोड शेजारी शेजारी दिलाय. अंबरनाथ ते घाटकोपर एका फेरीत होईल. त्यानंतर कॉन्करन्सी कंट्रोलचं (एकाच वेळी अनेकजण डेटा वापरतात त्याचं) प्रकरण, मग रोजच्या देखभालीचं, त्यातला व्हॅक्यूमचा, म्हणजे मेलेल्या ओळींच्या साफसफाईचा, भाग सावकाश. ओरॅकलवाल्याची खरी परीक्षा तिथेच असते.

कारण ओरॅकल ओळीची जुनी प्रत अंडू नावाच्या वेगळ्या जागेत नेऊन ठेवतो. पोस्टग्रेस ती टेबलातच राहू देतो. अपडेट केलं की नवी प्रत तयार होते, जुनी मरून तिथेच पडते, आणि ऑटोव्हॅक्यूम येऊन जागा मोकळी करेपर्यंत ती जागा अडलेली. हे वाचून समजतं, पण मुरत नाही. लॅपटॉपवर पीएसक्यूएलच्या (पोस्टग्रेसला कमांड द्यायच्या प्रोग्रॅमच्या) दोन खिडक्या उघडा. पहिलीत बिगिन म्हणून ट्रान्झॅक्शन सुरू करा, कुठल्याही फालतू टेबलातली एक ओळ अपडेट करा आणि तशीच सोडून चहाला जा. दुसरीत एखाद्या मोठ्या टेबलातल्या लाखभर ओळी अपडेट करा आणि व्हॅक्यूम व्हर्बोज चालवा. उत्तरात दिसेल की मेलेल्या ओळी आहेत, पण 'अजून काढता येत नाहीत'. तुमची ती पहिली खिडकी दुसऱ्याच टेबलात उघडी आहे, तरी ती सगळ्या डेटाबेसची साफसफाई अडवून बसलीय. पहिलीत कमिट करा (बदल पक्का करा), व्हॅक्यूम परत चालवा, लाखभर ओळी साफ. ओरॅकलच्या सवयीने सेशन उघडं टाकून जेवायला जाणारे लोक तुमच्या टीममध्ये किती आहेत ते मोजा, म्हणजे हे का सांगतेय ते कळेल.

दुसरं, ऑटोव्हॅक्यूम डीफॉल्टला साधारण २० टक्के ओळी मेल्याशिवाय टेबलाकडे फिरकत नाही. पाच कोटींच्या टेबलात म्हणजे एक कोटी मढी. मोठ्या टेबलांना हा स्केल फॅक्टर टेबलनिहाय खाली आणता येतो. तुमचा एक तारखेचा रिपोर्ट हळू चालेल तेव्हा कदाचित कारण इथे सापडेल.

आणि मराठी डेटा असेल तर हे कुठल्याही 'दहा ट्रिक'मध्ये मिळणार नाही. ओरॅकलमध्ये व्हारचार२ या मजकुराच्या कॉलमची लांबी मुद्दाम कॅरेक्टर म्हणून सांगितली नाही तर डीफॉल्टला बाइटमध्ये मोजली जाते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइटचं. 'क्षितिज' या नावात क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज अशी सात चिन्हं, म्हणजे २१ बाइट, म्हणजे व्हारचार२ च्या २० च्या कॉलममध्ये क्षितिजला जागा नाही. म्हणून तुमच्या जुन्या टेबलांत कुणीतरी वैतागून प्रत्येक नावाचा कॉलम ४०० केलेला असेल, बघा. पोस्टग्रेस चिन्हं मोजतो. ते ४०० डोळे झाकून आणू नका.

तसंच क्रमवारीचं. सी कोलेशनवर (कोलेशन म्हणजे क्रमवारीचा नियम) 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये येतो, कारण युनिकोडमध्ये तो तिथे बसलाय. आपल्या वर्णमालेत तो 'ह' च्या नंतर. पोस्टग्रेसमध्ये आयसीयू या लायब्ररीचं मराठीसाठी वेगळं कोलेशन असतं, एमआर-एक्स-आयसीयू नावाचं. तुमच्या आडनावांच्या यादीवर दोन्ही चालवून बघा आणि क्लायंटला कुठली यादी हवी ते आधीच लेखी घ्या. लिनक्सच्या लायब्ररीवर अवलंबून राहिलात तर एक जुना खड्डा माहीत असू द्या: २०१८ मधल्या जीलिबसी २.२८ ने कितीतरी भाषांचा क्रम बदलला. ऑपरेटिंग सिस्टीम अपग्रेड झाली की डेटाबेसला हातही न लावता टेक्स्टवरचे इंडेक्स चुकीचे ठरू शकतात, रीइंडेक्स करावं लागतं. सर्व्हर टीम 'आम्ही फक्त ओएस बदलली' म्हणेल. ती बरोबरच असेल.

क्लासचे ४५ हजार ठेवा खिशात.

व्हीजेटीआय_तिसरं_वर्ष

ताई, भारी लिहिलंत. आम्हाला सिल्बरशॅट्झ, कोर्थ आणि सुदर्शन यांचं 'डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स' आहे. त्यातले सुदर्शन सर इथे पवईलाच, आयआयटीत. पुस्तकाच्या साइटवर सगळ्या प्रकरणांच्या स्लाइड फुकट आहेत. एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटी खरगपूरचा पार्थ प्रतिम दास सरांचा कोर्स आहे, तो याच पुस्तकावर बेतलेला, बघायला फुकट, परीक्षा दिली तरच फी.

मी सध्या कार्नेगी मेलनचा १५-४४५ बघतोय, अँडी पावलोंचा. सगळी लेक्चर यूट्यूबवर आहेत. असाइनमेंटमध्ये बफर पूल (डेटा मेमरीत ठेवायची जागा) आणि बी-प्लस ट्री (इंडेक्सची रचना) स्वतः सी++ मध्ये लिहायचं असतं. काकांनी तो करावा का?

मुलुंडची_डीबीए

तू कर, पूर्ण कर, सोडू नकोस. काकांना मार्चअखेर मॉड्यूल द्यायचंय, त्यांनी आत्ता सी++ मध्ये बी-प्लस ट्री लिहीत बसू नये. बफर पूल आणि क्वेरी ऑप्टिमायझरची लेक्चर तेवढी ऐकावीत, एक्स्प्लेनचं (क्वेरी कशी चालणार ते सांगणाऱ्या कमांडचं) आउटपुट वाचायला मदत होते.

त्यावरून आठवलं. एक्स्प्लेन अ‍ॅनलाइजचा प्लॅन डेपेशच्या साइटवर पेस्ट केला की वेळ खाणारी पायरी लाल दिसते. क्लायंटच्या टेबलांची नावं जशीच्या तशी टाकू नका, नावं झाकायचा पर्याय तिथेच आहे. सरावाला पीजीएक्सरसाइजेस चांगली आहे, एका क्लबच्या सभासदांचा आणि बुकिंगचा छोटा डेटा देतात. विंडो फंक्शनपर्यंत जाते.

ठाणे_मायएसक्यूएल

डीबीएताईंशी थोडा वाद घालतो. न्यूजलेटरना इतकं झोडू नका. मी मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवाला. ८.० ची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतच आणि पुढे ८.४ हे लांब मुदतीचं व्हर्जन, हे मला आठवड्याच्या न्यूजलेटरमधूनच कळलं. वर्षातून चार वेळा नोट्स वाचणाऱ्याला आजूबाजूला काय चाललंय ते कळत नाही. मायएसक्यूएल आधी सन कंपनीकडे, मग २०१० ला सनसकट ओरॅकलकडे गेलं, त्यातून मारियाडीबी वेगळं निघालं, असल्या घडामोडी रिलीज नोट्समध्ये येत नसतात. आणि प्रत्येकाला डॉक्युमेंटेशन वाचवत नाही हो. इंग्रजीच जड जातं कित्येकांना. आमच्या टीममधला एक मुलगा पालघरचा, मराठी माध्यमातला. त्याला मी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमधले लिबरऑफिस बेसचे मराठी धडे लावून दिले. टेबल, रिलेशन, क्वेरी हे त्याच्या डोक्यात मराठीत बसलं, मग मायएसक्यूएल पटकन उचललं.

मुलुंडची_डीबीए

मराठी धड्यांचं पटलं, मी कुणाला सुचवले नव्हते, आता सुचवेन.

न्यूजलेटरचं अर्धं पटलं. वाचायचंच तर प्लॅनेट पोस्टग्रेस वाचा. पोस्टग्रेसवर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचे ब्लॉग तिथे एकत्र येतात. शीर्षकं चाळायची, आठवड्याला एखादा लेख उघडायचा. पण मायएसक्यूएल कुणी विकत घेतलं याने मरोळनाकांचा रिपोर्ट नऊच्या आत येणार नाही. आणि मुदतीचं म्हणाल तर त्यांनी न्यूजलेटर लावूनही १३ निसटलंच की.

मरोळनाका_क्वेरी

ताई, मेल टाकला. क्लायंटच्या इन्फ्राने 'बघतो' म्हटलंय, म्हणजे दोन फॉलोअप लागतील.

तो ओरॅकलवरून यायचा विभाग वाचला. नल जोडण्याची भानगड आमच्या पत्रांच्या पॅकेजमध्ये पानोपानी आहे, शोधायला बसलोय. पण आणखी एक अडलंय. रात्रीच्या जॉबमध्ये लूप आहे. एकेक ओळ इन्सर्ट, डुप्लिकेट आली तर एक्सेप्शन पकडून पुढे, आणि दर हजार ओळींना कमिट. पोस्टग्रेसमध्ये कमिटवरच आपटतोय, सबट्रान्झॅक्शन (ट्रान्झॅक्शनच्या आतलं छोटं ट्रान्झॅक्शन) चालू असताना कमिट करता येत नाही म्हणतोय. जावामधून तेच केलं तर एका डुप्लिकेटनंतर पुढची प्रत्येक कमांड नाकारतोय, ट्रान्झॅक्शन अबॉर्ट झालंय म्हणे. ओरॅकलमध्ये वर्षानुवर्षं चाललाय हा जॉब.

मुलुंडची_डीबीए

ओरॅकल चुकलेलं एकच स्टेटमेंट मागे घेतो, बाकी ट्रान्झॅक्शन जिवंत ठेवतो. पोस्टग्रेसमध्ये एक स्टेटमेंट फसलं की रोलबॅकपर्यंत सगळं बंद. पीएल/पीजीएसक्यूएलमध्ये एक्सेप्शनचा ब्लॉक लिहिला की तो आतून सेव्हपॉइंट (चुकलं तर परत यायची जागा) घेतो, म्हणून तिथे निभावतं. पण त्या ब्लॉकच्या आत कमिट चालत नाही. प्रोसिजरमध्ये कमिट ११ पासून आलंय, फक्त ते एक्सेप्शनच्या ब्लॉकबाहेर असायला हवं.

आणि ब्लॉक बाहेर काढूनही लूप तसाच ठेवू नका. प्रत्येक ओळीला एक सबट्रान्झॅक्शन, म्हणजे हजार ओळींना हजार. एका ट्रान्झॅक्शनमध्ये ६४ च्या वर गेली की त्यांची नोंद सेशनच्या हातातल्या यादीत मावत नाही, बाकीच्या सेशनना दुसरीकडे जाऊन शोधावं लागतं, आणि गर्दीच्या वेळी सगळा डेटाबेस हळू झाल्यासारखा वाटतो. जावाच्या ड्रायव्हरमध्ये ऑटोसेव्ह नावाचा पर्याय आहे, तो चालू केला की ओरॅकलसारखं वागतो, पण प्रत्येक कमांडमागे सेव्हपॉइंट घेऊन. रात्रीच्या जॉबला तो नको.

तुम्हाला डुप्लिकेट फक्त गाळायचीत ना? मग लूपच काढून टाका. इन्सर्ट-सिलेक्ट एकच स्टेटमेंट लिहा आणि शेवटी ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग. ९.५ पासून आहे ते. गाळलेल्या ओळींचा लॉग हवा असेल तर आधी सगळं स्टेजिंग (मधल्या, तात्पुरत्या) टेबलात घ्या, इन्सर्ट करण्याआधीच मुख्य टेबलाशी जुळवून डुप्लिकेट वेगळ्या काढा, आणि स्टेजिंगमध्येच एकमेकांच्या डुप्लिकेट असतील तर त्याही तिथेच. स्टेजिंग अनलॉग्ड (बदलांचा लॉग न लिहिणारं) ठेवलं तर लिहायला हलकं पडतं, मात्र सर्व्हर क्रॅश झाला तर ते रिकामं होतं. तुमची मूळ फाइल हाताशी असेल तर त्याने काही बिघडत नाही.

एकदा करून बघा आणि एक्स्प्लेन अ‍ॅनलाइज इथे टाका. टेबलांची नावं बदलून.